न उठलेला हुकूम

आमच्या गावाने महामारीवर संपूर्ण विजय मिळवला. हे मी म्हणत नाही, वेशीवरचा फलक म्हणतो. फलक चांगला जाड पत्र्याचा आहे, लोखंडी खांबांवर उभा आहे, आणि त्यावर हात जोडलेले सरपंच एका काटेरी हिरव्या गोळ्याकडे बघून हसताहेत. खाली लिहिलं आहे की गावाने एकही बळी दिला नाही. तेही खरं आहे. जे गेले ते शहराच्या दवाखान्यात गेले, त्यामुळे ते शहराच्या खात्यावर पडले. कोतवालभाऊ तर कुठे गेलेच नाहीत. त्यांच्या नाकात काडी घालून तपासलं तेव्हा कोरोना निघाला नाही, पुढेही कधी झाला नाही. तेव्हा त्यांची गणना विजयी लोकांतच करायला हवी.

पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगल संपतं की गाव सुरू होतं हे कळू नये अशा जागी आमचं गाव आहे. चंद्रपूरच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी संपवून मी गावी परतलो तेव्हा कोतवालभाऊंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण आमच्याकडे कोतवाल निवृत्त झाला तरी कोतवालच राहतो. त्यांचं खरं नाव त्यांच्या मतदार ओळखपत्रावर होतं आणि तेवढ्यापुरतंच होतं. उंच, काटक, कानात भिकबाळीऐवजी विडीचं थोटूक, आणि आवाज असा की वाऱ्याची दिशा बरी असली तर तळ्यापलीकडच्या गोंडमोहल्ल्यातली माणसं हातातलं काम थांबवायची. दवंडी, म्हणजे आमच्याकडची मुनादी, द्यायला सुरुवात करताना ते 'आइका होऽ' म्हणत. शेवट मात्र त्यांचा स्वतःचा होता. हुकूम सांगून झाला की डफड्यावर एक थाप मारून म्हणत, "आइकलं नाई म्हनाल तं चालनार नाई!"

डफड्याचीही गोष्ट आहे. त्यांच्या वडलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या लग्नामयतीत बडवलेलं डफडं अंगणात फोडलं. पुढे मुलगा कोतवाल झाला आणि सरकारी कामासाठी नवं डफडं घरात घेऊन आला. बाप दारात उभा राहिला, त्याला आत येऊ देईना. तेव्हा मुलगा म्हणाला, "बापा, ते डफडं गावाचं होतं. हे सरकारचं हाय." हा फरक त्याने जन्मभर पाळला. पोळ्याला पाटलांनी निरोप पाठवला, बैलांपुढे वाजवायला ये. कोतवालभाऊ गेले, रिकाम्या हाताने गेले, आणि नम्रपणे म्हणाले, "वाजवतो ना पाटील. हुकूम दाखवा."

हुकूम हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. मला सगळ्याच श्रद्धांविषयी थोडी शंका असते, पण ह्या माणसाची श्रद्धा कशातून आली होती ते समजत होतं. ज्याच्या आज्याला कोणीही 'ए, इकडे ये' म्हणून बोलावत असे, त्याला कायद्याने काढलेला, वरून आलेला, पाटलालाही लागू असलेला हुकूम ही फार मोठी गोष्ट वाटणारच. मात्र त्यांचं एक कलम बाकीच्या सरकारी लोकांना माहीत नव्हतं. ते म्हणत, "लावला हुकूम उठवा लागते. नाईतं मानूस त्याच्यातच राह्यते."

एका उन्हाळ्यात जंगलात वाघाने माणूस मारला. वनखात्याने हुकूम काढला की मोहा वेचायला कोणी जाऊ नये. कोतवालभाऊंनी दवंडी दिली. लोकांनी भक्तिभावाने ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या घेऊन जंगलात गेले. वाघापेक्षा पोट जवळ असतं. काही दिवसांनी वाघ पिंजऱ्यात सापडला, वनखात्याची गाडी निघून गेली आणि सगळे विसरले. एकटी कोतवालीण घरी बसलेली. बायका तिला चिडवायच्या, "काऊन बाई, तुया घरी वाघ बांधला का?" शेवटी कोतवालभाऊ वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन बसले. हुकूम उठवल्याचं सांगा, मग मी उठतो. तिथल्या साहेबाने वैतागून "उठला रे बाबा, उठला!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा ते गावी आले, डफडं शेकलं आणि प्रत्येक थांब्यावर उभं राहून जाहीर केलं की आजपासून मोहा वेचायला मनाई नाही. तोवर गावातला मोहा वेचून, वाळवून, गाळूनसुद्धा झाला होता. त्या संध्याकाळी कोतवालीण टोपली घेऊन जंगलात गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

मी गावी आलो त्या सुमाराला त्यांना विसर पडू लागला होता. आधी वस्तू, मग नावं, मग बायको वारल्याचं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. गावाने आधीच 'बुढा भुलला' असं निदान केलेलं होतं आणि ते फुकट होतं. पण एक गोष्ट ते विसरले नाहीत. रोज सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन, जुन्या फेरीवर निघत. डफडं भिंतीला टांगलेलं राही. चिंचेखालचं हॉटेल, विहार, तळ्याची पाळ, गोंडमोहल्ल्याचं तोंड, जुनी शाळा असे त्यांचे थांबे होते. प्रत्येक ठिकाणी उभे राहून ते हुकूम सांगत. कोणता, ते त्या दिवशी जे वर येईल त्यावर.

"आज काय हाय भाऊ?" हॉटेलवाला विचारी.

"उद्या पोरायले पोलिओचे थेंब. आन्‌ तेंदूच्या फडीवर इडीचा पत्ता घेनं सुरू हाय."

"भर हिवाळ्यात? तेंदू तं उन्हाळ्यात राह्यते."

"मले काय इचारतं बे? सायबाले इचार."

लोक हसत, चहा देत. एखादा पोरगा 'आइकलं नाई म्हनाल तं' एवढंच म्हणून थांबे आणि म्हाताऱ्याकडून पुढचं वसूल करी. वाट चुकून ते जंगलाकडे वळले तर कोणीतरी खांदा धरून तोंड गावाकडे करून देई, जशी भरकटलेली गाय वळवतात तशी. मी ह्याला करुणा म्हणणार नाही. गावात टीव्ही होते, पण टीव्हीवरच्या माणसाला उलट बोलता येत नाही. कोतवालभाऊंना येत होतं. ती करमणूक होती. पण डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, की रोजचा क्रम मोडू देऊ नका, माणसांत राहू द्या, बोलतं ठेवा, ते सगळं त्या करमणुकीत तंतोतंत होत होतं. अख्खं गाव मिळून एका माणसाची आठवण चालवत होतं, आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून तर ते नीट चाललं होतं.

मग टाळेबंदी आली.

ह्या वेळी दवंडी माणसाने दिली नाही. ग्रामपंचायतीने त्याच वर्षी कचऱ्याची घंटागाडी घेतली होती. तिच्या टपावरच्या भोंग्यातून आधी स्वच्छतेचं गाणं वाजे आणि ते संपलं की एक भारदस्त पुरुषी आवाज सांगे, नागरिकांनी घराबाहेर पडू नये, हा शासनाचा आदेश आहे, आदेशाचे उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. कोतवालभाऊंनी दारात उभं राहून ते व्यावसायिकाच्या कानाने ऐकलं.

"आवाज चांगला हाय," ते सुनेला म्हणाले. "पन मानूस कुठी हाय?"

त्यांची सून रंजना गावची आशाताई. नवरा ट्रकवर, तो तेव्हा कुठल्या तरी राज्याच्या सीमेवर ट्रकसकट अडकून पडलेला. रंजनाला घरोघर जाऊन कपाळावर ते तापाचं पिस्तूल धरायचं होतं आणि लोकांना घरात बसा म्हणून सांगायचं होतं. घरात बसायला सांगण्यासाठी तिला दिवसभर बाहेर राहावं लागे. मागे सासरा एकटा. पहिल्या आठवड्यात ते नेहमीसारखे फेरीवर निघाले. चौकात बांबू आडवा टाकून गावचीच तरणी पोरं बसलेली, अंगात 'कोरोना योद्धा' लिहिलेली पिवळी जाकिटं. योद्ध्यांना बऱ्याच दिवसांत शत्रू दिसला नव्हता. त्यातल्या एकाने म्हाताऱ्याच्या पोटरीवर काठी मारली. तोंडं बांधलेली होती म्हणून कोतवालभाऊंना कोणी ओळखू आलं नाही. त्यांनी ओळखायला हवं होतं असं नाही, पण त्या पोरांनी त्यांना ओळखलं होतं, हे मला नक्की माहीत आहे, कारण मारणाऱ्याने आधी विचारलं होतं, "काऊन कोतवालभाऊ, हुकूम नाई आइकला का?"

त्या दिवसानंतर रंजनाने एक उपाय काढला. रोज सकाळी ते काठी शोधू लागले की ती म्हणे, "बाबा, सरकारनं मुनादी देल्ली हाय. बाहेर नाई जाचं." दुसरं काही सांगून उपयोग नव्हता. रोग, विषाणू, शहरातली मरणं, हे सगळं सकाळी सांगितलं तर दुपारी पुसलं जाई. पण सरकारचा हुकूम म्हटलं की ते ताठ उभे राहत, काठी कोपऱ्यात ठेवत आणि खाटेवर बसत. तिला दाराला कुलूप लावावं लागलं नाही. शेजारच्या गावात एका म्हातारीला खोलीत कोंडून ठेवत होते, तिच्या हाका रस्त्यापर्यंत ऐकू येत. त्यापुढे हे फारच माणुसकीचं होतं.

मी खिडकीतून त्यांना भेटायला जायचो, तोंडाला रुमाल बांधून. ते घाबरून आत सरकत. "तोंड बांधून चोर येते," म्हणत. मी रुमाल काढला की हसत, मग पुन्हा बांधला की पुन्हा चोर. काही महिन्यांनी मी रुमाल काढला तरी ते हसेनासे झाले. रंजनालाही ते आवाजावरून ओळखत, आणि ती दिवसभर बोलून घसा बसवून आली की तेही जमत नसे. मग ती चुलीपुढे बसून गूळ घालून काढा पिई आणि घसा सुटला की हाक मारी, "बाबा, मी होय." तेव्हा कुठे ते जेवत.

पुढचं फार लवकर झालं. एका हिवाळ्यात हुकूमच संपले. पोलिओ गेला, तेंदू गेला, तळ्याचं पाणी सोडण्याचा जो एक हुकूम त्यांना फार आवडायचा तोही गेला. बोलायला माणूस नाही म्हटल्यावर शब्द तरी कशाला थांबतील? पाय बारीक झाले. लघवीचं कळेना. आपल्याच घरात ते मोरी शोधत फिरत. गाड्या सुरू झाल्यावर रंजनाने त्यांना पुन्हा चंद्रपूरला नेलं, तेव्हा तेच डॉक्टर जुने-नवे कागद ताडून बघत होते. म्हणाले, "असे बरेच जण आले माझ्याकडे ह्या दिवसांत. विषाणू लागला नाही, पण दहा पायऱ्या एकदम उतरले. आता वर चढत नाहीत. पण बाहेर काढा त्यांना. जेवढं उरलंय तेवढं माणसांतच टिकेल."

बाहेर काढणं हेच तर जमेना. टाळेबंदी कधीच संपली होती. बाजार भरू लागला, लग्नं लागू लागली, ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि तिच्या मिरवणुकीत योद्धे गुलालात न्हाले. नवे सरपंच आले, वेशीवर फलक आला, फलकाच्या उद्घाटनाला शाली आल्या. रंजनालाही शाल मिळाली, आणि पत्रिकेवर तिचं नाव 'इतर' ह्या मथळ्याखाली आलं. कोतवालभाऊ मात्र रोज सकाळी खाटेवरून विचारत, "हुकूम उठला का?"

"उठला बाबा."

"मुनादी नाई आइकली."

ते खरं होतं. लावताना तो हुकूम गल्लोगल्ली भोंग्यावरून लावला गेला आणि उठताना कुणालाच न सांगता उठून गेला. आपण सगळे एकमेकांकडे बघत बघत बाहेर आलो. ज्याला बघून शिकता येत नव्हतं, तो आत राहिला. कधीमधी, बहुधा रविवारी, ते आपण होऊन उंबऱ्यापर्यंत येत, कान देऊन उभे राहत. डोळे जरा चमकत. आम्ही म्हणायचो, ह्या रोगात बरे दिवस असतात, वाईट दिवस असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट.

एक दिवस रंजना माझ्याकडे आली. "काका, मुनादी द्याची हाय. हुकूम उठवाची. तुमी चाला संग, सरपंचाकडं."

सरपंचांनी चहा मागवला. विषय ऐकून गंभीर झाले. "हे पाहा सर, आदेश वरून आला होता. वरून आलेला आदेश मी कसा उठवणार? माझ्या अधिकारात येत नाही."

"तो उठून जमाना झाला साहेब," मी म्हटलं. "फक्त जाहीर करायचंय."

"मग जाहीर कशाला करायचं? उठलाच आहे ना?" आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "एक करू. आमदार साहेबांची तारीख घेऊ. व्यासपीठ, हारतुरे, आणि कोतवालभाऊंच्याच हस्ते दवंडी. 'हरवलेली परंपरा' म्हणून. पेपरात येईल."

"ते आता डफडं उचलू शकत नाई," रंजना म्हणाली.

"फोटोपुरतं."

ती उठली. सध्याच्या कोतवालाला विचारलं. तो मोटारसायकलवर फिरणारा, सज्जन मुलगा. म्हणाला, "ताई, आता दवंडी नाई राह्यली. मी ग्रुपवर टाकतो ना मेसेज." त्याने खरंच टाकला. त्याला बरेच अंगठे आले.

शेवटी रंजनाने स्वतःच ठरवलं. बाजाराचा दिवस निवडला, म्हणजे रस्त्यावर माणसं असतील. सकाळी तिने डफडं भिंतीवरून काढलं, जाळावर शेकलं, आणि आशाताईची साडी नेसून, गळ्यात ओळखपत्र घालून अंगणात उभी राहिली. मी तिच्या शेजारी. तिच्या ज्या आजेसासऱ्याने असंच एक डफडं ह्याच अंगणात फोडलं होतं त्याची मला आठवण झाली. तिलाही झाली असावी. थाप मारण्याआधी ती पुटपुटली, "सरकारचं हाय." मग वाजवलं.

"आइका होऽ! घरात बसाचा हुकूम आजपासून उठला होऽ! कोनंबी कुठीबी जाऊ शकते होऽ!"

आत खाट करकरली. कोतवालभाऊ भिंतीला धरून दारात आले. बऱ्याच महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं.

"कोन्या सायबाचा?"

"कलेक्टर सायबाचा," रंजना म्हणाली.

त्यांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं, उलटं धरून वाचलं. मग म्हणाले, "शेवट राह्यला."

तिला कळलं. तिने डफड्यावर थाप मारली. "आइकलं नाई म्हनाल तं..."

"चालनार नाई," कोतवालभाऊ म्हणाले, आणि काठीसाठी हात पुढे केला.

उंबरा त्यांनी एकट्याने ओलांडला. पुढे मात्र मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. चिंचेखालच्या हॉटेलापर्यंतचं अंतर ते पूर्वी एका विडीत कापत. आता वाटेत दोनदा टेकावं लागलं. बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत होती. "अरे, बुढा हाय काय अजून?" असं एक जण म्हणाला, आणि त्यात वाईट हेतू नव्हता. हॉटेलवाला हातातली गाळणी तशीच धरून बाहेर आला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने जुन्या आवाजात विचारलं, "आज काय हाय भाऊ?"

कोतवालभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला त्यांच्या दंडातून जाणवत होतं की खालून काहीतरी वर येतंय. तळ्याचं पाणी असेल, तेंदू असेल, काहीही चाललं असतं. रंजनाने त्यांचा पंजा घट्ट धरला होता.

तेवढ्यात घंटागाडी आली. स्वच्छतेचं गाणं वाजवत चिंचेला वळसा घालून ती आमच्यासमोर आली आणि गाणं संपलं. मग तो भारदस्त आवाज म्हणाला, नागरिकांनी घराबाहेर पडू नये, हा शासनाचा आदेश आहे, आदेशाचे उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. गाडी पुढे गेली. बायकांनी कचऱ्याच्या बादल्या ओतल्या. कोणी मानही वर केली नाही.

कोतवालभाऊंनी तोंड मिटलं. वळले. पोटरीवर हात नेला, तिथे आता काही नव्हतं. "चाल बाई," ते रंजनाला म्हणाले, "नवा हुकूम आला." आणि आलो त्यापेक्षा वेगाने घराकडे निघाले.

रंजना त्यांना धरून चालत होती. मी तिथेच उभा राहिलो, कारण माझ्या लक्षात येत होतं ते फारसं चांगलं नव्हतं. ती फीत रोज वाजत होती. टाळेबंदीपासून, गाडी आली ती एकही सकाळ न चुकता. बाजार भरू लागला, निवडणूक झाली, फलक लागला, तरी ती वाजतच होती, आणि गावाला ती ऐकू येणं बंद झालं होतं, जसं घरातल्या घड्याळाचं टिकटिकणं बंद होतं. आम्ही म्हणत होतो की म्हाताऱ्याचं डोकं जुन्या दिवसांत अडकलंय. त्याच्या डोक्यात काहीच अडकत नव्हतं, तोच तर त्याचा आजार होता. त्याला रोज सकाळी ताजा हुकूम मिळत होता आणि तो रोज नव्याने पाळत होता. अख्ख्या गावात ऐकणारा तेवढाच एक उरला होता.

दुपारी आम्ही ड्रायव्हरला गाठलं. तो भला माणूस होता, ऐकून ओशाळला. "माह्यं लक्षच नाई जी. ते गान्याच्या मांगं चिपकून हाय पेनड्राइव्हात. गानं लावलं का थेबी येते."

"काढून टाक ना मग, दादा," रंजना म्हणाली.

"मले नाई येत. ठेकेदाराचा पोरगा करते थे. तो पुन्याले गेला शिकाले."

"मंग गानंच नको लावू आमच्या गल्लीत."

"गानं नाई वाजलं तं बिल पास नाई होत, ताई."

सरपंचांना सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलला, फोनमध्ये कोणाला तरी झापलं, आमच्यासमोर 'आजच्या आज' असे शब्द वापरले. पुढच्या सकाळी आवाज आला, पूर्वीसारखाच स्पष्ट. रंजना ड्यूटीवर जाण्याआधी भोंग्याच्या वेळी घरातला रेडिओ मोठ्याने लावू लागली. पण कोतवालभाऊंचा कान व्यवसायाचा होता. बाकी सगळं गेल्यावरही तो शाबूत राहिला. रेडिओतून गाळून ते हुकूम ऐकत आणि खाटेवर बसत. मग बसणंही राहिलं.

एकदा रंजना मला म्हणाली, "काका, कुलूप लावलं असतं तं बरं झालं असतं. कुलूप खोलता तरी येते." मी तिला समजावलं की तिचा दोष नाही. ते खरं होतं आणि त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

ते गेले तेव्हा पावसाळा उतरला होता, धानाला लोंब्या आल्या होत्या. त्यांना न्यायला मोजकीच माणसं होती. ग्रुपवर मेसेज उशिरा पडला. नवा कोतवाल आला होता, योद्ध्यांपैकी दोघं आले होते, आणि त्यांनी खांदा दिला. सरपंच थेट चौकात भेटले, त्यांनी दोन शब्द सांगितले की असा आज्ञाधारक सेवक पुन्हा होणे नाही. रंजनाने डफडं सोबत घेतलं होतं, पण वाजवलं नाही. तसा हुकूम नव्हता.

चिंचेखालून, विहारावरून, तळ्याच्या पाळेवरून आम्ही त्यांना त्यांच्याच फेरीच्या वाटेने नेलं. कोणी अडवलं नाही. रविवार होता. रविवारी घंटागाडीला सुट्टी असते.